स्पिंडल थांबवताना ड्राइव्ह ट्रिप होतोय? डिसेल टाइमला हात लावण्याआधी हे तपासा

दुपारी डबा उघडला होता, तेवढ्यात भोसरीतल्या एका शेडमधून फोन. "दादा, स्पिंडल फिरतंय एकदम ओके. थांबवायला गेलं की अलार्म. रिसेट केलं की चालू, आणि परत तेच."

"आधी कुणी बघून गेलं का?"

"हो, पंधरा दिवस झाले. एक जण आला, ड्राइव्हमध्ये काहीतरी सेटिंग केलं, मशीन चाललं. आज सकाळपासून परत."

जाऊन पाहिलं. वीस वर्षांचं टर्निंग सेंटर, दहा इंची चक, बिडाच्या फ्लँजचं काम. 'सेटिंग' म्हणजे डिसेल टाइम (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हने स्पिंडल थांबवायला घ्यायचा वेळ), ३ सेकंदांचा ६ केलेला. पॅनेलच्या डोक्यावर जाळीच्या पेटीत दोन ब्रेक रेझिस्टर होते. १०० ओहमचे दोन, पॅरलल जोडलेले, म्हणजे मिळून ५० ओहम. एकाच्या सिरॅमिक नळीला तडा गेलेला आणि त्या तड्यात जुनी काळी धूळ घट्ट बसलेली. तो काही महिन्यांपूर्वीच गेलेला असणार. दुसरा ताजा जळलेला, पेटीचं झाकण काढलं तर वास आला.

झालं असं होतं. एक रेझिस्टर गेला, दुसरा एकटा दोघांचं काम करू लागला, ते झेपेना म्हणून अलार्म येऊ लागला. पहिला माणूस आला तेव्हा हा दुसरा जिवंत होता. डिसेल टाइम वाढवल्यावर एकट्याला कसंबसं झेपलं, अलार्म गेला आणि सगळ्यांना वाटलं की मशीन दुरुस्त झालं. पंधरा दिवसांत तोही जळाला. त्या दिवशी दोन मिनिटं मल्टिमीटर लावला असता तर एका रेझिस्टरच्या किमतीत काम झालं असतं.

मी सव्वीस वर्षं मशीन मेंटेनन्समध्ये आहे. ब्रेकिंगच्या तक्रारींत सर्वांत जास्त नुकसान मी याच सवयीने झालेलं पाहिलंय: अलार्म दिसला, डिसेल टाइम वाढवला, निघालो. म्हणून मी ज्या क्रमाने तपासतो तो सविस्तर लिहितोय. नवीन मुलं या कामात येतात, त्यांना हे कुणी बसून सांगत नाही.

ब्रेक मारला की ताकद जाते कुठे

एम०५ (स्पिंडल थांबवायची कमांड) दिला की ड्राइव्ह मोटरची फ्रिक्वेन्सी उतरवत नेतो. पण चक जड, तो आपल्या जोरात फिरतच असतो आणि मोटरला ओढत नेतो. त्या क्षणी मोटर जनरेटर होते आणि फिरत्या वजनातली सगळी ऊर्जा उलटी ड्राइव्हच्या डीसी बसवर येते, म्हणजे मेन्सचा एसी डीसी होऊन ड्राइव्हमध्ये जिथे येतो तिथे.

ही ऊर्जा किती असते याचा एकदा हिशोब करून बघा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. चक, स्पिंडल, पुली, मोटरचा रोटर असं सगळं मिळून इनर्शिया ०.२५ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरू. २८०० आरपीएमला त्यात साधारण १०,७०० ज्यूल असतात. ३ सेकंदांत थांबवायचं तर सरासरी साडेतीन किलोवॅट, आणि सुरुवातीच्या क्षणी त्याच्या दुप्पट, म्हणजे ७ किलोवॅटच्या आसपास. थोडं मोटरच्या वाइंडिंगमध्ये आणि बेल्टमध्ये जिरतं, बाकी सगळं बसवर.

आता बसवरचे कपॅसिटर किती पोटात घेतात? ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये २००० मायक्रोफॅरड असतील, तर ५६० व्होल्टवरून ८०० व्होल्टपर्यंत चढताना ते फक्त ३२६ ज्यूल घेतात. १०,७०० समोर ३२६! तिसावा हिस्सासुद्धा पुरता नाही. बाकीची ऊर्जा बाहेर काढायला वाट नसेल तर पापणी लवायच्या आत बस ८०० च्या पुढे जाते आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून हात वर करतो.

बाहेर काढायच्या वाटा दोनच. एक, ब्रेकचा ट्रान्झिस्टर चालू होऊन ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळणं. दोन, ती परत मेन्समध्ये ढकलणं, ज्याला आपण रीजनरेशन म्हणतो. तुमच्या मशीनवर कोणती वाट आहे हे आधी नक्की करा. पॅनेलच्या माथ्यावर किंवा मागे रेझिस्टरची पेटी असेल आणि ड्राइव्हच्या पी (बसचं प्लस) व पीआर किंवा पीबी (ब्रेकचं) टर्मिनलवरून दोन वायरी तिकडे जात असतील, तर पहिली. रेझिस्टर कुठेच नसेल आणि ड्राइव्ह मोठा असेल, तर बहुतेक दुसरी. सीमेन्सच्या सिमोड्राइव्ह ६११ मध्ये मेन्सकडचे इनफीड मॉड्यूल दोन्ही प्रकारचे येतात, त्यामुळे तिथे मॉड्यूलवरची प्लेट वाचल्याशिवाय अंदाज बांधू नका.

अलार्मचे नंबर कंपनीगणिक वेगळे. फानुकच्या जुन्या एसी स्पिंडल ड्राइव्हवर ११ म्हणजे डीसी लिंकला (म्हणजे डीसी बसलाच) व्होल्टेज जास्त, १२ म्हणजे डीसी लिंकला करंट जास्त. मित्सुबिशीच्या इन्व्हर्टरवर ई.ओव्ही१ वेग घेताना, ई.ओव्ही२ एका वेगावर चालताना आणि ई.ओव्ही३ वेग उतरताना. हा शेवटचा आकडा नीट वाचा. '२' आला असेल तर आधी मेन्सकडे बघा, रेझिस्टर सोडत बसू नका.

पॅनेल उघडण्याआधी

डीसी बसवर ५६० ते ८०० व्होल्ट असतात आणि मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. मेन बंद, कुलूप, चावी आपल्या खिशात. ड्राइव्हवरचा चार्जचा लाल दिवा विझला तरी दहा मिनिटं थांबा आणि मग पी आणि एन (बसचं प्लस आणि मायनस) यांच्यात मीटर लावून खात्री करा. दिवा स्वतःच गेलेला असतो, हे मी दोनदा पाहिलंय. मीटर १००० व्होल्टचा, कॅट-३ लिहिलेला हवा. बाजारातल्या दोन-तीनशेच्या मीटरने बसला हात लावू नका.

आणखी एक गोष्ट ऑपरेटरला समोर बसवून सांगा. ब्रेकिंगमध्ये ट्रिप झाला की ड्राइव्ह मोटर सोडून देतो, मग दहा इंची चक आपल्या मनाने फिरत राहतो, मिनिटभरसुद्धा. घाईत दार उघडायचं नाही, लाकडाचा तुकडा लावून चक थांबवायचा नाही. दाराचा इंटरलॉक कुणी बायपास करून ठेवला असेल तर आधी तो जोडा, मग बाकीचं काम.

घड्याळ लावा

माझं पहिलं हत्यार मोबाइलमधलं स्टॉपवॉच. चक रिकामा, दार बंद, एमडीआय मोडमध्ये (हाताने कमांड देऊन) जी९७ एस५०० एम०३, म्हणजे ५०० आरपीएमला स्पिंडल चालू, वेग स्थिर होऊ द्यायचा, मग एम०५. किती सेकंदांत थांबलं ते लिहायचं. मग १०००, १५००, २००० असं चढत जायचं, चकवर लिहिलेल्या कमाल वेगाच्या आत राहून.

इथे बरेच जण फसतात. ५०० ला छान थांबलं की म्हणतात, ब्रेक तर चालू आहे. पण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. वरच्याच उदाहरणात ५०० आरपीएमला चकमध्ये फक्त साडेतीनशेच्या आसपास ज्यूल असतात. थोडे मोटरमध्ये, थोडे बेल्टमध्ये आणि उरलेले कपॅसिटरच्या पोटात मावतात. रेझिस्टर पूर्ण तुटलेला असला तरी ५०० ला अलार्म येणार नाही. १००० ला मात्र चौपट ऊर्जा येते आणि तिथे पितळ उघडं पडतं.

ट्रिप कधी होतो हेही कान देऊन ऐका. एम०५ देताच, अगदी लगेच झाला तर ऊर्जेची वाट बंद आहे किंवा फारच अरुंद आहे. निम्मं थांबल्यावर मध्येच झाला तर सैल लग (वायरीच्या टोकाचं टर्मिनल) किंवा गरम झाल्यावर तुटणारा रेझिस्टर. अगदी शेवटी, स्पिंडल जवळजवळ थांबलेला असताना काही गडबड होत असेल तर तो बसचा प्रश्न नाही, तिकडे नंतर येतो.

अलार्म नाहीच, पण थांबायला वेळ लागतोय, हीसुद्धा तक्रार आहे आणि ती गंभीरपणे घ्या. बऱ्याच ड्राइव्हमध्ये अशी सोय असते की बस वर चढू लागली की ड्राइव्ह स्वतःच उतार लांबवतो, ट्रिप होत नाही. पॅरामीटरमध्ये ३ सेकंद लिहिलेत आणि घड्याळ ७ दाखवतंय, तर ब्रेकची वाट बिघडायला लागलीय. ऑपरेटरच्या ते लक्षात येतं, तो म्हणतो, "चक उशिरा उघडतंय हल्ली." अशा वाक्याकडे दुर्लक्ष करू नका. मला मिळालेली निम्मी माहिती अशाच वाक्यांतून मिळालीय.

बसचं व्होल्टेज बघा

बहुतेक ड्राइव्हच्या मॉनिटरमध्ये डीसी बसचं व्होल्टेज दिसतं. चालू मशीनवर प्रोब धरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मशीन नुसतं चालू असताना बस म्हणजे मेन्सच्या साधारण १.४१ पट. ४१५ ला ५८५ च्या आसपास. आता १५०० वरून एम०५ देऊन आकड्यावर नजर ठेवा.

आकडा ७६० ते ७८० पर्यंत चढून तिथेच तग धरून राहिला आणि मग उतरला, तर ब्रेक आपलं काम करतोय. (२०० व्होल्टच्या जुन्या जपानी ड्राइव्हवर हाच आकडा साधारण ३८० च्या आसपास.) सरळ चढत ८०० पार करून ट्रिप झाला, तर वाट बंद. आणि आकडा हललाच नाही, स्पिंडल नुसता सुस्तपणे फिरत थांबला, तर ड्राइव्ह ब्रेक मारतच नाही. स्टॉप मोड 'फ्री रन'वर गेलाय किंवा एम०५ बरोबर एनेबलचा (ड्राइव्हला चालू ठेवणारा) सिग्नलच पडतोय. ही तिसरी अवस्था रेट्रोफिट केलेल्या (जुन्यावर नवीन कंट्रोल-ड्राइव्ह बसवलेल्या) मशीनवर फार सापडते.

एकदा असं झालं, की सगळं शाबूत आणि तरी ट्रिप. मॉनिटर म्हणे बस ६४०, माझा मीटर म्हणे ५७५. व्होल्टेज मोजणाऱ्या सर्किटमधल्या जुन्या रेझिस्टरची व्हॅल्यू सरकली होती. ड्राइव्ह बिचारा नसलेल्या व्होल्टेजला घाबरून ट्रिप होत होता. म्हणून एकदा तरी, नीट सुरक्षितपणे, मॉनिटर आणि मीटर ताडून बघा.

रेझिस्टर

माझ्या अनुभवात दहांतले सहा-सात फॉल्ट इथेच संपतात, म्हणून यावर वेळ घालवा.

मेन बंद, बस शून्य, मग रेझिस्टरच्या दोन्ही वायरी ड्राइव्हकडून सोडा. सोडल्याशिवाय मोजू नका, आतलं सर्किट मीटरला फसवतं. प्लेटवर जेवढे ओहम लिहिलेत त्याच्या पाच-दहा टक्क्यांत यायला हवेत. पॅरलल असतील तर प्रत्येक वेगळा मोजा. माझ्या भोसरीच्या केसमध्ये पहिल्या माणसाने एवढं केलं असतं तर ५० ऐवजी १०० दिसले असते.

थंड असताना बरोबर आला तरी विश्वास ठेवू नका. मीटर लावलेला ठेवून लग हलवा, नळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. आकडा उडाला तर आतली तार तुटलेली आहे आणि नुसती टेकून आहे. ती गरम झाली की सुटते. लगचा रंग बघा. पितळ निळं-जांभळं पडलं असेल तर तिथे सैल जोडणी तापत होती. नुसतं आवळून भागत नाही, लग कापून नवीन क्रिम्प करा.

मग मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर). ५०० व्होल्टवर रेझिस्टर ते बॉडी, आणि पुन्हा सांगतो, ड्राइव्हपासून सुटलेला असतानाच. पॅनेलच्या माथ्यावर बिडाची पावडर आणि कूलंटचा ओशट थर साचून काळी खपली होते, ती करंट वाहून नेते. पावसाळ्यात जून-जुलैत पहिला फोन याच कारणाने येतो. उंदीर वायरी कुरतडतात, पाल टर्मिनलवर मरून पडलेली असते. पेटी उघडून हवेने झाडा, पण तोंडावर मास्क हवा.

पेटीत रेझिस्टरला चिकटवलेला छोटा थर्मोस्टॅट असतो, थंड असताना बंद कॉन्टॅक्टचा. तोच खराब होऊन रेझिस्टर शाबूत असताना ओव्हरहीटचा अलार्म देतो. कंटिन्युटी बघा. कुणी शॉर्ट करून ठेवला असेल तर काढा. का ते पुढे ट्रान्झिस्टरमध्ये सांगतो.

नवीन बसवताना ओहम आणि वॅट दोन्ही जुळवा. ओहम कमी घेतले की ब्रेक 'जास्त जोरात' लागेल असं वाटतं, पण ७८० व्होल्टला ५० ओहममधून १५.६ अँपिअर जातात, २५ ओहममधून दुप्पट, आणि ट्रान्झिस्टर जातो. ड्राइव्हच्या मॅन्युअलमधले किमान ओहम पाळा. वॅटचा हिशोब सोपा: एका थांबण्याचे ज्यूल भागिले एका सायकलचे सेकंद. १०,७०० ज्यूल दर ४० सेकंदांनी म्हणजे सरासरी २७० वॅट. मी त्याच्या तिप्पट-चौपट घेतो, कारण पेटी पॅनेलवर असते आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली तिथली हवाच पन्नाशीला पोचते. हीटरची कॉइल गुंडाळून लावलेली मी पाहिलीय. ती उघडी असते, जिवंत असते आणि तिच्या ओहमचा भरवसा नसतो. असं करू नका.

मित्सुबिशीच्या ए५०० मालिकेतल्या साडेसात किलोवॅटपर्यंतच्या ड्राइव्हवर आत छोटा रेझिस्टर असतो आणि पीआर-पीएक्स टर्मिनलवर पट्टी असते. बाहेरचा रेझिस्टर लावलात तर ती पट्टी काढायचीच. राहिली तर दोन्ही पॅरलल होतात, ओहम खाली जातात, आणि एखाद्या महिन्यात ट्रान्झिस्टर उडतो. मग लोक नवीन रेझिस्टरला दोष देतात.

ब्रेक ट्रान्झिस्टर

रेझिस्टर शाबूत, तरी बस चढतेच, तर ट्रान्झिस्टर किंवा त्याला चालू-बंद करणारं गेट सर्किट. बस शून्य असताना मीटर डायोडवर: लाल एन वर, काळा पीआर वर, साधारण ०.३ ते ०.५ दिसायला हवं. उलट केल्यावर ओपन. दोन्हीकडून शून्य म्हणजे शॉर्ट. मात्र ट्रान्झिस्टर ओपन झाला असेल किंवा गेटला सिग्नल येत नसेल तर या चाचणीत ते दिसत नाही. तिथे डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर रेझिस्टरच्या एका वायरीवर लावा आणि १५०० वरून थांबवा. नुसता एसीचा क्लॅम्प इथे खोटं सांगतो. काट्याने झेपच घेतली नाही, बस मात्र चढली, तर गेट बोलत नाहीये.

शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर हा या सगळ्यातला सर्वांत धोकादायक फॉल्ट. मग रेझिस्टर बसला कायमचा जोडला जातो. ५७५ व्होल्ट, ५० ओहम: साडेअकरा अँपिअर, साडेसहा किलोवॅट, तेही मशीन नुसतं उभं असताना. एक किलोवॅटचा रेझिस्टर काही मिनिटांत लालबुंद होतो. स्पिंडल बंद असताना पेटी तापलेली लागली तर त्या क्षणी मेन पाडा. आणि म्हणूनच तो थर्मोस्टॅट नुसत्या अलार्मला न जोडता मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइललाही जोडा. ड्राइव्हने अलार्म दिला तरी शॉर्ट ट्रान्झिस्टरमधून करंट थांबत नाही, कॉन्टॅक्टर पडला तरच थांबतो. मी हात लावलेल्या प्रत्येक जुन्या मशीनवर हे एक काम बिनचूक करतो, मालकाने सांगितलं नसलं तरी.

ट्रान्झिस्टर जुन्या ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा मुख्य मॉड्यूलच्या आतच असतो आणि ते मॉड्यूल आता मिळत नाही. अशा वेळी बसच्या पी-एनवर वेगळं ब्रेकिंग युनिट लावता येतं. ड्राइव्हच्या व्होल्टेज क्लासचं घ्या, पोलॅरिटी तीनदा तपासा, वायर शक्य तितकी आखूड आणि पिळलेली ठेवा. मात्र आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर पीआर टर्मिनल पूर्ण मोकळं सोडायचं.

रीजनरेशनचे ड्राइव्ह आणि मेन्स

इथे ऊर्जा मेन्समध्ये जाते, म्हणून मेन्सच दारात उभा हवा. कॉन्टॅक्टरचा एक पोल जळालेला असेल, फ्यूजचा बेस सैल असेल, तर मोटर रिकामी चालताना काही कळत नाही. ब्रेक मारला की ट्रिप. तिन्ही फेज ड्राइव्हच्या टर्मिनलवर, लोडवर मोजा. जुन्या डीसी मोटरच्या थायरिस्टर ड्राइव्हमध्ये ब्रेकिंग चालू असतानाच मेन्सने डुबकी मारली की थायरिस्टर बंद होत नाहीत आणि फ्यूज उडतात. ते सेमीकंडक्टर फ्यूज असतात, फार झटपट उडणारे. त्यांच्या जागी साधा एचआरसी फ्यूज घातलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी थायरिस्टर उडेल.

एका सेकंडहँड जपानी मशीनवर अलार्म फक्त रात्रपाळीत यायचा, आणि बुधवारच्या रात्री तर हमखास. गुरुवार इकडच्या एमआयडीसीचा सुट्टीचा दिवस. शेजारच्या शेड बंद होत जातात, लाइनवरचा लोड उतरतो, व्होल्टेज चढतं. दिवसा ४१० होतं, रात्री मी स्वतः थांबून ४५२ मोजलं. मशीनच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप (इनपुट व्होल्टेज निवडायची जोडणी) ३८० वर होता, आला तसाच. म्हणजे २०० ऐवजी दिवसा २१६ आणि रात्री २३८ व्होल्ट ड्राइव्हला. बस आधीच वरच्या टोकाला, त्यात ब्रेक. टॅप ४१५ वर घेतला: दिवसा १९८, रात्री २१८. त्यानंतर त्या मशीनची ही तक्रार आली नाही. रात्रीची तक्रार असेल तर रात्रीच जा. दिवसा मोजून उपयोग नाही.

चक, बेल्ट, यांत्रिक ब्रेक

इलेक्ट्रिकल सगळं बरोबर निघालं तर सेटरला विचारा, चक बदलला का? आठ इंचीच्या जागी तेवढ्याच जाडीचा दहा इंची बसवला तर इनर्शिया जवळजवळ अडीचपट होतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. तोच ड्राइव्ह, तोच रेझिस्टर, अडीचपट ऊर्जा. इथे मात्र डिसेल टाइम वाढवणं हाच प्रामाणिक उपाय आहे, किंवा रेझिस्टर आणि ब्रेकिंग युनिट मोठं करणं.

थांबताना बेल्ट किंचाळत असेल तर ताण बघा. काही लेथवर स्पिंडलला वेगळा डिस्क किंवा मॅग्नेटिक ब्रेक असतो. तो घासत असेल तर वेग घेताना करंट जास्त दिसेल. हाताने चक फिरवून बघितलं की कळतं.

शेवटच्या वळशावर अडत असेल

स्पिंडल थांबल्यासारखा दिसतो, पण चक उघडत नाही, दार सुटत नाही, टूल चेंजला मशीन वाट बघत राहतं. बस शांत, अलार्म नाही किंवा स्पीड डेव्हिएशनचा. हा झीरो स्पीडचा, म्हणजे 'स्पिंडल थांबला' हे सांगणाऱ्या सिग्नलचा प्रश्न. ड्राइव्हमधून कंट्रोलला जाणारा झीरो स्पीडचा आउटपुट पीएलसीच्या इनपुटच्या दिव्यावर बघा. येत नसेल तर एन्कोडरचा (वेग मोजणाऱ्या सेन्सरचा) छोटा टायमिंग बेल्ट, त्याचे दात, कपलिंगचा ग्रब स्क्रू, केबलचं शील्ड. एन्कोडर नसलेल्या ड्राइव्हवर शेवटी डीसी इंजेक्शन असतं, म्हणजे मोटरला थोडा वेळ डीसी देऊन धरून ठेवणं. त्याचा वेळ कमी पडला की चक एखादा वळसा सरकतो, फार वाढवला की मोटर तापते आणि गुणगुणते.

काम झाल्यावर

भोसरीच्या त्या मशीनवर दोन्ही रेझिस्टर नवीन घातले, लग नवीन केले, थर्मोस्टॅट कॉन्टॅक्टरला जोडला आणि डिसेल टाइम ६ वरून परत ३ वर आणला. तो परत आणणं महत्त्वाचं. लांबवलेला टाइम ठेवलात तर पुढचा बिघाड वेळेत कुणालाच कळणार नाही. मग जॉब लावून वीस वेळा सलग चालू-बंद केलं, प्रत्येक पाचव्या वेळी बसचा कमाल आकडा आणि पेटीचं तापमान लिहिलं. बस ७७२ च्या वर गेली नाही.

पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवला, वरून पारदर्शक टेप. १००० ला १.१ सेकंद, २००० ला २.२, २८०० ला ३.०, चक दहा इंची, रेझिस्टर १०० ओहम दोन पॅरलल, तारीख. ऑपरेटर शेजारी उभा होता. त्याला स्टॉपवॉच धरायला दिलं आणि म्हटलं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे तीन आकडे काढायचे, २८०० ला साडेतीन सेकंद लागले तरी फोन करायचा, अलार्मची वाट बघायची नाही. पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी दुपारी त्याचा मेसेज आला: १.१, २.२, ३.०.